अविवाहित असल्याचा दाखला

गोमाजीला कागदांची भीती कधीच वाटली नाही. गावातली माणसं तहसीलच्या पायरीवर पोचली की चप्पल काढावी की घालूनच आत जावं या पेचात पडत, तेव्हा गोमाजी बाबूच्या टेबलावर कोपर टेकून त्याच्याच पेनानं अर्ज भरत असे. सातबारा, फेरफार, वारसान, उत्पन्नाचा दाखला, सगळं तोंडपाठ. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागं फुगत फुगत गावात शिरलं आणि सरकारनं गाव उचलून माळरानावर नेऊन बसवलं, तेव्हा अर्ध्या गावाचे अर्ज त्यानंच लिहून दिले. गाव बुडालं, पण आमच्या ह्यांची अक्कल कोरडी राहिली, असं त्याची बायको सुलोचनाबाई म्हणायची. ती हे कौतुकानं म्हणत नसे. गोमाजी मात्र कौतुकच समजायचा.

त्यामुळे मुलाच्या लग्नाचे कागद काढायची वेळ आली तेव्हा त्यानं बाह्या सरसावल्या. मुलगा भूपेंद्र अकरा वर्षं मस्कतला, तिथल्या एका इस्पितळातली एसीची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणारी मॅरिसेल ही मुलगी त्यानं पसंत केली होती. फिलिपिन्सची. नकाशात देश शोधायला गोमाजीला चष्मा पुसावा लागला. आठ दिवस तो मुलाशी बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "बोलाव तिले, पाहून घेऊ."

जानेवारीत मॅरिसेल आली, दोन महिन्यांची रजा आणि पर्यटकाचा व्हिसा घेऊन. दारात येताच तिनं गोमाजीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्याकडे थोरांना असाच नमस्कार करतात, असं भूपेंद्रनं सांगितलं. गोमाजी तिथंच अर्धा विरघळला. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी विरघळला, जेव्हा तिनं चुलीवरच्या गंजात तांदूळ टाकून पाण्यात बोट बुडवलं आणि पेराच्या रेघेपर्यंत पाणी मोजलं. सुलोचनाबाई जन्मभर असंच मोजत आली होती. तिन्ही त्रिकाळ भात खाणारी, धानाचं पऱ्हं, म्हणजे रोपं, पाहून रोवणा कधी करायचा ते सांगणारी सून समुद्रापलीकडून यावी याचं गोमाजीला इतकं नवल वाटलं, की पानठेल्यावर तो आठ दिवस दुसरं काही बोललाच नाही.

"कागद मंग पाहू," तो मुलाला म्हणाला. "आधी हनुमानाच्या देवळात हार घालून घ्या. गावजेवन देतो. देव साक्षी असला का कागद कायले पाह्यजे?"

भूपेंद्रनं हे इंग्रजीत मॅरिसेलला सांगितलं. ती हसली नाही. बराच वेळ बोलत राहिली आणि भूपेंद्र खाली पाहून ऐकत राहिला. मग त्यानं आईबापांना सांगितलं. तिच्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही. तिच्या बापाचं लग्न कागदावर दुसऱ्याच बाईशी झालेलं होतं. तिच्या आईनं त्याच्यासोबत तीस वर्षं संसार केला, चार लेकरं वाढवली आणि तो मेला तेव्हा कागदावरची बाई येऊन प्रेत घेऊन गेली. आईला स्मशानात मागच्या रांगेत उभं राहावं लागलं. "थे म्हन्ते, कागद झाला तं लग्न, नाही तं मी परत जातो. देव आमच्यातही साक्षी होता, म्हन्ते."

सुलोचनाबाई उठली आणि तिनं त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. गोमाजी म्हणाला, "मंग कागदाचं मायाकडं लागलं."

आणि खरंच, त्यानं कुठं कसर सोडली नाही. परदेशी पाहुणी घरात उतरली म्हणून पोलिसांकडे फॉर्म भरायचा असतो, तो त्यानं भरला. भंडाऱ्याला विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन विशेष विवाह कायद्याची नोटीस दिली. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. भूपेंद्र साचलेली रजा घेऊन दिवाळीपासून इथंच होता. नोटीस तीस दिवस फलकावर लागते, कोणाची हरकत असली तर त्यानं त्या मुदतीत यायचं, नसली तर तीन साक्षीदार आणून सही करायची. मॅरिसेलनं आपल्या देशातून लग्नाला अडचण नसल्याचा दाखला आणला होता, वर वकिलातीचा शिक्का. बाबूनं तो उलटसुलट पाहिला आणि फाइलला लावला.

"मुलाचा कागद?" बाबूनं विचारलं.

"कोनता?"

"अविवाहित असल्याचा दाखला. ग्रामपंचायतीचा. परदेशी पार्टी आहे काका, साहेब रिस्क घेत नाहीत. तीस दिवस आहेत, आणून द्या."

"उद्याच आनतो," गोमाजी म्हणाला. सात समुद्रांपलीकडचा कागद येऊन पोचला होता. आपल्या गावच्या पंचायतीच्या कागदाला किती वेळ लागणार?

पंचायतीत आता एक तरुण ग्रामसेविका आली होती, नीटनेटकी, कामाला वाघ. तिनं अर्ज घेतला, भूपेंद्रचं नाव वाचलं, आणि लोखंडी कपाटातून विवाह नोंदणीचं जुनं रजिस्टर काढलं. पाणी चढत होतं तेव्हा बुडणाऱ्या गावातून दोन गोष्टी ट्रॅक्टरवर घालून आधी हलवल्या होत्या, एक मारुतीची मूर्ती आणि दुसरं हे कपाट. ती पानं उलटत गेली आणि एका जागी थांबली.

"काका, यांचं तर लग्न झालेलं आहे."

गोमाजी हसला. "दुसऱ्या कोनाचं असन मॅडम."

तिनं रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. वराचं नाव भूपेंद्र गोमाजी. वधूचं नाव रीता केशवराव. साक्षीदार क्रमांक एक, गोमाजीची स्वतःची सही, शेपटीला गाठ मारलेली, जशी तो अजून मारतो. विसरला होता असं नाही. माणूस पुरलेलं विसरत नाही, फक्त ते उगवेल असं त्याला वाटत नाही.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. पुनर्वसनाच्या याद्या होत होत्या. पानठेल्यावर एक बातमी पसरली, की लग्न झालेल्या पोराला वेगळा प्लॉट मिळतो, बिनलग्नाचा पोरगा बापाच्याच खात्यात मोजतात. बातमी कुठून आली कोणाला ठाऊक. काही लोकांनी घाईघाईनं खरीच लग्नं उरकून घेतली. गोमाजी म्हणाला, एवढा खर्च कायले, कागदच पाह्यजे ना? भूपेंद्र नुकताच एकवीस वर्षांचा झाला होता. सुलोचनाबाईच्या भावाची, केशवरावची मुलगी रीता एकोणीसची होती. मामाची मुलगी म्हणजे भाच्याचा हक्कच, त्यात कोणाला काही वावगं वाटणार नव्हतं. अंगणात दोघांना उभं करून हार घातले, फोटो काढला, केशवरावची सही घेतली, तेव्हाच्या ग्रामसेवकाला कोंबडीचं जेवण घातलं. भूपेंद्रला सांगितलं, पुनर्वसनाच्या पॅकेजच्या फाइलचा फोटो आहे, इथं इथं सही कर. त्यानं केली. सुलोचनाबाई तेवढी म्हणाली होती, "अवो, हार खोटा खोटा घालू नये." तिचं कोण ऐकतं?

प्लॉट मिळाला. भूपेंद्र मस्कतला गेला. वर्षभरानं केशवरावनं रीताचं लग्न एकोडीच्या घनश्यामशी लावून दिलं, मांडव घालून, वाजंत्री लावून. गोमाजी त्या लग्नात पंगतीत वाढत होता. कपाट हललं, तरी त्याच्या हिशोबी ते जुनं रजिस्टर गावासोबत पाण्याखाली गेलं होतं.

"मॅडम, हे पान..." तो आवाज खाली आणून म्हणाला.

"पान माझ्या हातात नाही काका. ऑनलाइन चढलेलं आहे. रद्द करायचं तर कोर्टाचा आदेश आणा." तिनं त्याचा अर्ज त्याला परत दिला. "हा घेऊन जा. तुम्ही मागितला नाही, मी पाहिलं नाही. एवढंच करू शकते."

घरी येऊन गोमाजीनं सांगितलं, की मॅडम रजेवर आहेत. सुलोचनाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो भंडाऱ्याला हिरालाल वकिलाकडे गेला. हिरालाल पुनर्वसनाच्या दाव्यांत मुरलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी प्लॉटच्या वाटपाचा आदेश मागितला. गोमाजीनं पिशवीतून काढून दिला. पिशवीत त्याच्या सगळं असतं. हिरालालनं चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"गोमाजी, हे तुम्ही वाचलं आहे का?"

"प्लॉट भेटला, मंग कायले वाचू?"

"कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे पाहा. सज्ञान मुलगा. तुमच्या यादीत अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोराला वेगळा धरला आहे. लग्नाचा संबंधच नव्हता. तुमचं ते विवाहाचं सर्टिफिकेट फाइलला लागलेलंसुद्धा नाही."

गोमाजीनं तो रकाना तीनदा वाचला. साऱ्या गावाचे कागद वाचणाऱ्या माणसानं आपलाच कागद वाचला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? बारा वर्षं तो ज्या हुशारीवर मिशीला पीळ भरत आला, ती हुशारी कोणी मागितलीच नव्हती.

"मंग आता करायचं काय, सांगा."

"कोर्टात जायचं. हे लग्न झालंच नव्हतं, नोंद खोटी आहे, ती रद्द करा म्हणून. तुम्ही खोटी सही केली ते कबूल करावं लागेल, त्याचं काय व्हायचं ते होईल. पण त्या मुलीला उभं राहावं लागेल. तिच्या नावानं समन्स तिच्या सासरी जाईल. आणि दोन महिन्यांत हे होत नसतं, वर्षं लागतात."

"अन् असंच दाबून लग्न लावलं तं?"

हिरालालनं कागद परत केले. "कागदावर पहिली बायको जिवंत आहे. उद्या कोणी काढलं, तर हे दुसरं लग्न रद्द. ती परदेशी पोरगी ना इकडची ना तिकडची. असला सल्ला मी देत नाही."

गोमाजी बसमध्ये बसला आणि घरी जायच्या ऐवजी साकोलीला उतरला. तिथून एकोडी.

रीता अंगणात सुपानं लाखोळीची डाळ पाखडत होती. ओसरीवर सासू बसलेली. गोमाजीला पाहून रीता उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. आत्याच्या नवऱ्याला तिकडे मामाजी म्हणतात.

"मामाजी, अचानक काहून आले? आत्याची तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये. इकडं काम होतं, म्हन्लं भेटून जावं." त्यानं सासूकडे पाहून आवाज मोठा केला. "तुमच्या बोडीत औंदा पानी हाये म्हन्ते, दाखवून दे मले."

शेताच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्याच्या पाळीवर उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. मॅरिसेलचं, नोटिशीचं, रजिस्टरचं, कोर्टाचं. प्लॉटच्या रकान्याचं तेवढं सांगितलं नाही. तेवढी लाज त्याच्यात उरली होती, किंवा तेवढी हिंमत उरली नव्हती.

रीता पाण्याकडे पाहत होती. "म्हन्जे कागदावर मी अजून भूपेंद्रची बायको हावो?"

"फक्त कागदावर."

"अन् घनश्यामची?"

"त्याची तं खरीच हायेस."

"थे कोन्या कागदावर हाये मामाजी? आमचं लग्न मांडवात लागलं. नोंदनी आमी केलीच नाही, कोनी सांगतलंच नाही."

गोमाजीनं आपलं म्हणणं पुढं रेटलं. "एक डाव कोर्टात येऊन सांग, का थे लग्न झालंच नव्हतं. एवढंच बोलायचं हाये. पोराचा जल्माचा प्रश्न हाये."

"झालंच नव्हतं," ती म्हणाली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणेच बोलत राहिली. "त्या दिवशी तुमी मले वावरातून बोलावलं. आत्याचं नवं लुगडं नेसवलं. हार घाल म्हन्लं, घातला. हास म्हन्लं, हासली. घरी गेल्यावर वर्षभर मी त्याचं नाव तोंडानं नाही घेतलं मामाजी. बाई नवऱ्याचं नाव घेते का? मैतरनी हासत. मले वाटे, आपले मामाजी एवढे हुशार, थे खोटं कायले करतीन? मंग बाबानं एकोडीचं आनलं. मी विचारलं, त्या फोटोचं काय? बाबा म्हने, थे तं पॅकेजचं होतं."

गोमाजी बांधावरची माती पायानं उकरत राहिला. केशवराव दोन वर्षांपूर्वी वारला होता, नाही तर निम्मा दोष त्याच्या माथी मारता आला असता.

"तवा कोनी विचारलं नाही. आता म्हन्ता, हार काढ. मी कोर्टात उभी राह्यली का दुसऱ्या दिवशी माई सासू विचारन, हे दोन लेकरं कोनाच्या नावाचे? नाही मामाजी. मी येत नाही. मले बोलावू नका, समन पाठवू नका. घनश्याम भोळा मानूस हाये, पन तो मानूसच हाये."

ती घराकडे वळली. चार पावलं जाऊन थांबली. "चाय घेतल्याबिगर जाऊ नका. सासू विचारन, काहून गेले."

मग गोमाजीला ओसरीवर बसून चहा प्यावा लागला. लाखोळी कशी झाली ते विचारावं लागलं, थोरल्या नातवाच्या शाळेचं ऐकावं लागलं. बशीतला चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

तीस दिवस भरले. ज्या गावात कोणाच्या बकरीनं कोणाचं कुंपण खाल्लं तरी पंचायत बसते, त्या गावातून एकही हरकत आली नाही. कार्यालयातल्या बाबूनं फोन केला, "काका, दाखला मिळाला का? नसेल तर साहेब म्हणतात, मुलाचं प्रतिज्ञापत्र चालेल. खोटं निघालं तर जबाबदारी तुमची."

गोमाजीच्या अंगात पुन्हा जीव आला. हिरालालचं बोलणं त्याला आठवत होतं, आठवत नव्हतं असं नाही. पण कोण येतं कुठलं रजिस्टर उघडायला? मस्कतला बसून कोण एकोडीचं विचारतं? पोरगी एकदा सून झाली, की पुढचं पुढं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्यानं बाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं आणि ठरल्या दिवशी सगळ्यांना घेऊन भंडाऱ्याला गेला. साक्षीला तो, सुलोचनाबाई आणि शेजारचा देवाजी. मॅरिसेल सुलोचनाबाईनं दिलेली मोरपंखी साडी नेसली होती. निऱ्या सावरत, हसत, खुर्चीच्या कडेवर बसली होती. कागद होणार होता.

बाबूनं प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं, पेन पुढे केलं. भूपेंद्रनं पेन घेतलं. मग कागद बापाकडे सरकवला.

"बाबा, इथं काय लिवलं हाये, वाचून दाखवा."

"तूच वाच ना. तुले येत नाही का?"

"तुमी वाचा. आमच्या घरचे कागद तुमीच वाचत आले."

गोमाजीनं बाबूकडे पाहिलं, चष्मा लावला. "मी, भूपेंद्र गोमाजी, वय तेहतीस... सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मी अविवाहित असून..." तो थांबला.

"पुढं."

"...यापूर्वी माझा कोणत्याही स्त्रीशी विवाह झालेला नाही."

"रीताचा फोन आला होता," भूपेंद्र म्हणाला. "चार दिवस झाले. चार दिवस मी वाट पाहून राहिलो होतो, का तुमी मले सांगान." त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ते बाबूच्या पुढ्यात ठेवलं. "एक डाव तुमी बोट ठेवलं तिथं सही केली. दुसऱ्यांदा नाही करत."

सुलोचनाबाईनं पदर तोंडाला लावला. देवाजीला काही कळलं नाही. बाबूनं फाइल बंद केली, आणि पुढच्या जोडप्याला हाक मारली.

बाहेर कडुनिंबाखाली भूपेंद्रनं मॅरिसेलला सगळं सांगितलं. घरी आल्यावर साडीची नीट घडी करून तिनं सुलोचनाबाईच्या हातात दिली आणि तो हारांचा फोटो पाहायला मागितला. गोमाजीच्या पेटीत त्याची एक प्रत होती. ती घेऊन मॅरिसेल खिडकीशी जाऊन उभी राहिली. भूपेंद्रच्या चेहऱ्याकडे तिनं फारसं पाहिलं नाही. रीताच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हन्ते?" सुलोचनाबाई म्हणाली.

भूपेंद्र भिंतीकडे पाहून बोलला. "विचारून राह्यली, का या पोरीले कोनी विचारलं होतं का म्हणून."

सुलोचनाबाईनं नकारार्थी मान हलवली. पोरगी समजून गेली. कोर्टाला लागतील तेवढी वर्षं थांबायला ती तयार झाली असती, हे भूपेंद्रनं नंतर आईला सांगितलं. पण ज्या बाईला आधीच एकदा न विचारता उभं केलं, तिला आपल्यासाठी आणखी एकदा उभं करायचं आणि तिच्या लेकरांच्या नावाचा चिखल करून आपला कागद मिळवायचा, हे तिच्यानं होणार नव्हतं. आणि त्या कागदावाचून राहणंही होणार नव्हतं. आपल्या आईला मागच्या रांगेत उभी पाहिलेली मुलगी होती ती. रजेचे नऊ दिवस उरले असताना ती गेली. भूपेंद्र तिला नागपूरच्या विमानतळावर सोडून आला आणि पंधरवड्यानं तोही गेला, पण मस्कतला नाही, कतारला. ती जिथं आहे तिथं राहवणार नाही, म्हणाला. बापाशी भांडला नाही. जाताना पायाही पडला. गोमाजीला तो भांडला असता तर चाललं असतं.

तेव्हापासून त्याचा फोन येतो तो आईच्या मोबाइलवर. बाबा कसे हायेत, असं विचारतो, बाबांना द्या म्हणत नाही. गोमाजी शेजारी बसून एकतर्फी बोलणं ऐकतो. अर्ज लिहून घ्यायला लोक अजून येतात. तो म्हणतो, डोळ्यांनी दिसत नाही, पंचायतीत मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्याकडे जा. डोळ्यांना त्याच्या काही झालेलं नाही.

परवा हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी उरकल्यावर गिरजाबाई आली. गिरजाबाई म्हणजे पुनर्वसनातल्या निम्म्या सोयरिकी जुळवणारी बाई. कोणाच्या घरात पोरगा बिनलग्नाचा राहिला, की तिला जेवण जात नाही. ओसरीवर बसून तिनं पान लावलं आणि दिघोरीच्या एका मुलीचं स्थळ काढलं. मुलगी बारावी पास, घरी धानाची शेती, माणसं चांगली. "त्या परदेशी बाईचं जाऊ द्या," ती म्हणाली. "झालं थे झालं. पोरगा तेहतीस-चौतीसचा झाला. अजून किती दिवस असाच ठेवता त्याले? कधी करता सांगा लगन."

सुलोचनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं काहीतरी थाप मारावी, पोरगा सध्या नाही म्हणतो वगैरे, अशी तिची अपेक्षा होती. थापा मारण्यात त्याचा हात कोणी धरला नव्हता.

"त्याचं लगन झालं हाये," गोमाजी म्हणाला.

गिरजाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. "कवा? आमाले कसं मालूम नाही?"

"लय वर्सं झाले."

"कोनी लावलं?"

"मीच लावलं," गोमाजी म्हणाला.